माळ्यावरच्या स्पेक्ट्रमला काय जोडावं आणि कोणत्या क्रमानं

माळा आवरताना काळा, चपटा, कडक बटणांचा एक डबा निघाला आणि त्याच्या कोपऱ्यात 'स्पेक्ट्रम' असं लिहिलेलं दिसलं, तर तो भंगारवाल्याच्या तराजूवर ठेवू नका. तो आख्खा कॉम्प्युटर आहे. मागच्या फटीतून त्याला आजही नवीन वस्तू जोडता येतात: मेमरी कार्ड, जॉयस्टिक, आवाजाची चिप, स्वतः बनवलेला एखादा बोर्डसुद्धा. माहिती भरपूर आहे, पण ती बहुतेक इंग्लंड-पोलंडकडच्या लोकांनी स्वतःसाठी लिहिलेली. जळगावात एप्रिल-मेमध्ये पंख्याखाली बसून हे काम करणाऱ्याचं त्यात कुठेच नाही.

माझं म्हणणं एकच आहे: क्रम सोडू नका. आधी वीज, मग चित्र, मग मागची पट्टी, आणि त्यानंतर कार्ड, म्हणजे पट्टीला लागणारा, एसडी कार्ड वाचणारा बोर्ड. नवखा माणूस नेमका उलटा जातो. उत्साहात पहिल्याच दिवशी कार्ड मागवतो, न तपासलेल्या मशिनला लावतो, आणि काही दिसलं नाही की बिघाड मशिनमध्ये आहे की कार्डमध्ये हेच कळेनासं होतं.

१) तुमच्याकडे नेमकं काय आहे ते ओळखा

सिंक्लेअर कंपनीनं झेडएक्स स्पेक्ट्रम १९८२ साली काढला. रबरी बटणांचा, १६ के किंवा ४८ के (के म्हणजे किलोबाइट) मेमरीचा. १९८४ साली कडक बटणांचा स्पेक्ट्रम प्लस आला. आतला बोर्ड तोच, डाव्या बाजूला रिसेटचं बटण तेवढं जास्त. भारतात डेसिबेल्स कंपनीनं परवाना घेऊन तोच 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावानं विकला. आपल्याकडच्या घरांत निघतो तो बहुतेक हाच, किंवा कुणी आखातातून-विलायतेतून येताना आणलेला. भुसावळची रेल्वे वसाहत, वरणगावची फॅक्टरी, दीपनगरचं वीज केंद्र अशा ठिकाणी नोकरी केलेल्यांच्या घरी विचारून बघा.

हा लेख ४८ के मशिनपुरता आहे. कॅसेट प्लेअर अंगातच असलेला प्लस टू किंवा तीन इंची डिस्कचा प्लस थ्री असेल, तर जपून: प्लस टू-ए आणि प्लस थ्रीच्या मागच्या पट्टीवरच्या काही पिना वेगळ्या आहेत, त्यांचा वीजपुरवठाही वेगळा. आणि डबा शाळेच्या कपाटातून निघाला असेल, तर तो बहुधा स्पेक्ट्रम नसून बीबीसी मायक्रो असेल. १९८४ साली सुरू झालेल्या 'क्लास' योजनेत शाळांना तेच दिले होते. त्याला यातलं काहीही चालणार नाही.

२) साहित्य आणि कागदपत्रं

हाताशी एवढं ठेवा:

- डिजिटल मल्टिमीटर. साधा चालेल, पण हवाच.
- ९ व्होल्ट डीसी, २ अँपिअरचा अॅडॅप्टर आणि एक सुटी डीसी पिन (बाहेरून ५.५, आतून २.१ मिलिमीटर)
- आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), इअरबड, शिसपेन्सिलीचं खोडरबर
- २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न, चांगला फ्लक्स, डिसोल्डरिंगची जाळी
- टीव्हीची एव्ही केबल
- ३२ जीबी किंवा त्याहून लहान एसडी कार्ड
- परदेशातून काही मागवणार असाल तर आधार किंवा पॅन, आणि ऑर्डरचं बिल

यातलं बहुतेक सगळं जळगावच्या गोलाणी मार्केटात मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. आयपीए मागितल्यावर काही जण थिनर पुढे करतात, "साफच करायचं ना, घ्या हे" म्हणत. घेऊ नका. थिनर मोबाइलच्या बोर्डावर चालत असेल, पण स्पेक्ट्रमच्या प्लॅस्टिकवर एक थेंब पडला तरी डाग कायमचा, आणि बटणांवरची अक्षरं बोळ्याबरोबर निघून येतात.

दुकानात डबा घेऊन जाणार असाल तर वेळ हातात ठेवून जा. काउंटरवर ठेवला की शेजारचे दोघं-तिघं येतातच. "भो, हाई काय शे?" याचं उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही.

३) वीज: सगळ्यात जास्त मशिनं इथेच मरतात

स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतो, आणि पिनेच्या मधल्या भोकात ऋण असतो, बाहेरच्या नळीवर धन. आज बाजारात मिळणारा जवळपास प्रत्येक अॅडॅप्टर याच्या उलट असतो. राउटरचा ९ व्होल्टचा अॅडॅप्टर मशिनच्या भोकात अगदी बरोबर बसतो, म्हणून जास्त धोक्याचा.

मूळ अॅडॅप्टर आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. तो नियंत्रित नाही; त्यावर ९ लिहिलेलं असलं तरी भार नसताना मीटर १२-१३ व्होल्ट दाखवतो, आणि आपल्याकडे रात्री उशिरा व्होल्टेज चढलं की त्याहूनही वर जातो. चाळीस वर्षांच्या कपॅसिटरवर आणखी भरवसा टाकण्यापेक्षा तो आठवण म्हणून ठेवा आणि नवा नियंत्रित अॅडॅप्टर घ्या. त्याची पिन कापा, सुटी पिन उलट्या तारांनी जोडा, आणि मशिनला लावण्याआधी मोजा: मीटरची काळी तार मधल्या भोकात, लाल बाहेरच्या नळीवर. मीटरनं उणे चिन्हाशिवाय ९ दाखवायला हवेत. उणे आलं तर थांबा, तारा बदला.

आता उष्णतेचं गणित, कारण खान्देशात ते टाळता येत नाही. आत ७८०५ नावाचा रेग्युलेटर बसलेला आहे. तो येणारा व्होल्टेज ५ वर आणतो आणि उरलेला उष्णता म्हणून फेकतो. मशिन ७०० मिलिअँपिअर ओढतंय असं धरा. ९ व्होल्ट दिले तर ४ गुणिले ०.७, म्हणजे २.८ वॅट उष्णता. मूळ अॅडॅप्टरनं भाराखाली ११ व्होल्ट दिले तर ४.२ वॅट. एवढी उष्णता बंद प्लॅस्टिकच्या डब्यात, आणि खोलीतच पारा चाळिशीच्या पुढे. मे महिन्यात दुपारी अर्ध्या तासानं कीबोर्डची उजवी बाजू तापलेली लागते ती यामुळे.

उपाय सोपा आहे. ७८०५च्या तीन पायांच्या जागीच बसणारा, ५ व्होल्ट १ अँपिअरचा स्विचिंग रेग्युलेटर मिळतो. ट्राको कंपनीचा टीएसआर १-२४५० हा त्यातला नावाजलेला. तो जवळपास गरम होतच नाही. कार्ड, आवाजाची चिप वगैरे जोडायचं ठरवलं असेल तर हा बदल मी ऐच्छिक मानत नाही. प्रत्येक जोडणी त्याच ५ व्होल्टवर जगते, आणि प्रत्येकीबरोबर ती उष्णता वाढते.

लोडशेडिंगच्या गावांसाठी दोन गोष्टी. वीज गेली की अॅडॅप्टर भिंतीवरच्या बोर्डातून काढून ठेवा. वीज परत येतानाचा झटका वाईट असतो. आणि घरचा इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा असेल, तर त्यावर जुना ट्रान्सफॉर्मरवाला अॅडॅप्टर चालवू नका. तो गुणगुणतो आणि नेहमीपेक्षा जास्त तापतो. नवे हलके स्विचिंग अॅडॅप्टर इन्व्हर्टरवर सहसा कुरकुर करत नाहीत.

४) झाकण उघडा आणि तीन व्होल्टेज मोजा

खालचे स्क्रू काढून झाकण हळू उचला. कीबोर्डपासून बोर्डाकडे दोन चपट्या पारदर्शक पट्ट्या जातात. त्या इतक्या वर्षांनी पापडासारख्या कडकडीत झालेल्या असतात. सरळ वर ओढून काढायच्या, वाकवायच्या नाहीत. तुटल्याच तर नवी मेम्ब्रेन, म्हणजे बटणांखालची पट्ट्यांसकटची पातळ शीट, विकत मिळते. जुनी चिकटवण्याच्या फंदात पडू नका.

पहिल्या १६ के मेमरीत ४११६ नावाच्या आठ चिप असतात, बोर्डावर आयसी ६ ते १३. यांना एक नव्हे, तीन व्होल्टेज लागतात. मशिन चालू करून त्यातल्या कोणत्याही एका चिपवर मोजा: पिन १ वर उणे ५, पिन ८ वर १२, पिन ९ वर ५, पिन १६ जमीन (ग्राउंड). दोन-चार दशांश इकडेतिकडे चालतील. उणे ५ नसेल आणि १२ असेल, तर ताबडतोब बंद करा. ४११६ला उणे ५ शिवाय १२ मिळाले की ती मरते, आणि एकटी मरत नाही.

उणे ५ आणि १२ ही दोन व्होल्टेज बोर्डावरच टीआर४ आणि टीआर५ या ट्रान्झिस्टरांभोवतीच्या छोट्या सर्किटमध्ये तयार होतात. चालू मशिनला मागून काही जोडलं-काढलं की सगळ्यात आधी बळी जातो तो टीआर४ चा, आणि त्याच्या मागोमाग ही मेमरी. त्यामुळे पडद्यावर नुसते उभे पट्टे किंवा चौकडा दिसत असेल तर आधी इथे बघा. बिघडलेला टीआर४ बदलणं स्वस्त आहे. तो न बदलता नव्या मेमरी चिप बसवणं महाग आहे.

सगळं ठीक असेल तर पडदा क्षणभर काळा होऊन पांढरा होतो आणि खाली सिंक्लेअरची १९८२ची ओळ येते. मग ही आज्ञा द्या:

प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३

प्रिंट 'पी' या एकाच बटणावर येतं. पीकसाठी आधी एक्स्टेंड मोडचं बटण, मग 'ओ'. उत्तर ६५५३५ आलं तर ४८ के मेमरी पूर्ण जिवंत आहे. ३२७६७ आलं तर मशिन १६ के आहे, किंवा वरची ३२ के मेमरी मेलेली आहे. मधलाच एखादा आकडा आला तर वरच्या मेमरीतली एखादी चिप आजारी.

५) चित्र

मूळ मशिन टीव्हीला अँटेनाच्या वाटेनं जोडायचं होतं. इंग्लंडचं मशिन यूएचएफ चॅनेल ३६ वर दिसतं. आजच्या टीव्हीवर ते शोधत बसणं शिक्षा आहे, आणि मिळालं तरी मुंग्या येतात. सरळ एव्हीची पिवळी पिन मिळवा.

बोर्डाच्या कोपऱ्यात पत्र्याची एक डबी आहे, मॉड्युलेटर. तिच्या बाजूनं दोन तारा आत जातात: एक ५ व्होल्टची, दुसरी चित्राची. डबीचं झाकण काढून, बाहेरच्या सॉकेटच्या मधल्या टोकाला जोडलेला रेझिस्टर आतून सुटा करा. दोन्ही तारा डबीपासून सोडवा. ५ व्होल्टची तार टेपनं नीट झाका, आणि चित्राची तार सॉकेटच्या मधल्या टोकाला जोडा. झालं. सगळं परत पूर्ववत करता येतं, काही कापावं लागत नाही.

इथला सापळा टीव्हीच्या बाजूला आहे. नव्या एलईडी टीव्हीला पिवळी भोकं नसतात, ३.५ मिलिमीटरचं एकच भोक असतं आणि त्याची केबल वेगळी मिळते. त्या पिनेवर चित्र कोणत्या कड्यावर हे प्रत्येक कंपनीनं आपापलं ठरवलं आहे. चित्र आलं नाही तर मशिनला दोष देण्याआधी लाल, पांढरी, पिवळी अशी प्रत्येक पिन लावून बघा.

६) मागची पट्टी

सगळ्या जोडण्या इथूनच होतात. बोर्डाची कडच बाहेर डोकावते. वर २८ आणि खाली २८ पट्ट्या, त्यात एका टोकापासून पाचव्या जागी खाच. प्रोसेसरच्या सोळाही पत्त्याच्या तारा, आठ डेटाच्या तारा, वीज, सगळं उघडं. मध्ये संरक्षणाला काही नाही. म्हणून दोन नियम, ज्यांना अपवाद नाही.

पहिला: काहीही लावताना किंवा काढताना अॅडॅप्टर काढलेला हवा. मशिनला स्विच नाही, त्यामुळे आळस होतो. करू नका.

दुसरा: जोडणीच्या सॉकेटमध्ये पाचव्या जागी प्लॅस्टिकचा तुकडा, म्हणजे चावी आहे ना ते बघा. ती नसली तर सॉकेट एक घर सरकून बसतं, वीज भलत्याच तारेवर जाते, आणि वर सांगितलेला टीआर४ तुमची वाट बघत असतो.

पट्टी साफ करताना खोडरबर अगदी हलक्या हातानं, एकाच दिशेनं, मग आयपीएचा बोळा. पॉलिश पेपर लावायचा नाही. कापसाच्या हंगामात जिनिंगजवळच्या गावांत हवेत तंतू असतात. मशिन वापरात नसताना मागच्या फटीवर जाड कागदाची पट्टी लावून ठेवलेली बरी.

७) कार्ड येईपर्यंत: फोनवरून गेम

कार्ड मागवायला वेळ लागतो. तोवर कॅसेटचं काम फोन करू शकतो. टेपच्या फाइलचं आवाजाच्या फाइलमध्ये रूपांतर करणारे फुकट प्रोग्राम आहेत. फोनच्या हेडफोनच्या भोकातून मशिनच्या 'इअर' भोकात तार टाका, 'जे' दाबा म्हणजे लोड उमटेल, मग दोन अवतरण चिन्हं, मग एंटर.

पडद्याच्या कडेला आधी लाल-आकाशी रुंद पट्टे, मग निळे-पिवळे बारीक पट्टे आले तर मशिन ऐकतंय. पट्टेच आले नाहीत तर आवाज कमी पडतोय. फोनचा आवाज पूर्ण वाढवा, इक्वलायझर आणि 'आवाज सुधारणारी' सगळी सेटिंगं बंद करा, आणि फोन एरोप्लेन मोडवर टाका, नाहीतर चौथ्या मिनिटाला कुणाचा तरी फोन येतो. तरीही झालं नाही तर मध्ये एखादा छोटा अॅम्प्लिफायर लागेल. आजच्या फोनची ताकद पुष्कळदा कमी पडते.

४८ केचा पूर्ण गेम यायला साधारण पाच मिनिटं लागतात. तेवढ्यात चहा होतो.

८) परदेशातून मागवताना

एसडी कार्ड वाचणारं कार्ड (पुढच्या भागातलं डिव्हएमएमसी) युरोपातून येतं. बोर्डाचे नकाशे खुले असल्यानं अनेक छोटे विक्रेते ते बनवतात. वस्तूच्या किमतीवर भुलू नका: आपल्याकडे सीमाशुल्क आणि आयजीएसटी वस्तू अधिक पोस्टेज अशा रकमेवर लागतात, त्यावर कुरिअरवाल्याची हाताळणी वेगळी. कुरिअर कंपनी केवायसी मागते. आधार किंवा पॅन आणि ऑर्डरचं बिल तयार ठेवलं नाही तर पार्सल मुंबईत किंवा दिल्लीत पडून राहतं. पत्ता आणि नाव आधारवर आहे तसंच लिहा. "गिफ्ट लिहून पाठवतो, कर लागणार नाही," असं विक्रेता म्हणाला तर नको म्हणा. भेटवस्तूंची ती सूट २०१९च्या डिसेंबरमध्ये बंद झाली. राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी अपवाद.

सुटं कार्ड मागवणं वेगळं आणि आख्खा जुना कॉम्प्युटर मागवणं वेगळं. वापरलेल्या कॉम्प्युटरच्या आयातीवर निर्बंध आहेत. बाहेरून दुसरा स्पेक्ट्रम स्वस्तात दिसला म्हणून मागवाल आणि कस्टममध्ये अडकवून बसाल.

९) एसडी कार्डची जोडणी

एकच वस्तू घ्यायची असेल तर ही घ्या. नाव डिव्हएमएमसी. मागच्या पट्टीला लावायची, एसडी कार्ड टाकायचं, आणि पाच मिनिटांचा गेम डोळ्याची पापणी लवते तोवर येतो.

ती काम कशी करते ते समजून घेतलं तर पुढचे घोळ आपोआप कळतात. स्पेक्ट्रमच्या मेमरीचे पहिले १६ के म्हणजे त्याची रॉम, वीज गेली तरी न पुसली जाणारी कायमची मेमरी. मागच्या पट्टीवर रॉमसीएस नावाची तार आहे. बाहेरून तिच्यावर ५ व्होल्ट दिले की आतली रॉम गप्प बसते. प्रोसेसर काही ठरावीक पत्त्यांवर गेला की डिव्हएमएमसी ते ओळखते, आतली रॉम गप्प करते आणि तिच्या जागी स्वतःची मेमरी पुढे करते. तिथे ईएसएक्सडॉस नावाची प्रणाली असते. काम झालं की ती मागे सरते आणि स्पेक्ट्रमला काही झाल्याचं कळतही नाही.

तयारी अशी:

कार्ड फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. ईएसएक्सडॉसच्या झिपमधले बिन, सिस आणि टीएमपी हे तीन फोल्डर कार्डच्या मुळाशीच ठेवा, दुसऱ्या कुठल्या फोल्डरच्या आत नाही. गेम वेगळ्या फोल्डरमध्ये. मशिन चालू करा. ईएसएक्सडॉसची सुरुवातीची यादी दिसून मग नेहमीची ओळ येते. डिव्हएमएमसीवरचं एनएमआय बटण दाबलं की फाइलींची यादी उघडते.

आता सापळे. सगळ्यात मोठा म्हणजे आवृत्तीचा: कार्डवरच्या फाइली आणि डिव्हएमएमसीच्या चिपमध्ये भरलेली ईएसएक्सडॉस एकाच आवृत्तीची हवी. हौसेनं कार्डवर सगळ्यात नवीन टाकली आणि चिपमध्ये जुनीच राहिली, तर सुरुवातीलाच गाडी अडते. विक्रेत्यानं कोणती भरून दिली ते त्याला विचारून घ्या आणि तीच उतरवा. दुसरं, टॅप फाइल (कॅसेटची नक्कल) चालली नाही म्हणजे गेम खराब असं नाही. पुष्कळ गेमनी स्वतःची वेगळी जलद लोडिंगची पद्धत वापरली होती, ती टॅपमध्ये मावत नाही. त्याच गेमची झेड८० किंवा एसएनए फाइल शोधा, त्यात लोड झालेल्या गेमची मेमरी जशीच्या तशी असते. तिसरं, एखादं कार्ड ओळखलंच गेलं नाही तर भांडत बसू नका, दुसऱ्या कंपनीचं टाका. जुन्या डिजिटल कॅमेऱ्यातली छोटी कार्डं इथे मजेत चालतात.

आणि कुणाकडे १९८३चा इंटरफेस वन, म्हणजे सिंक्लेअरचीच मागच्या पट्टीला लागणारी जोडणी, तिच्या मायक्रोड्राइव्हसकट (छोट्या टेपचा ड्राइव्ह) असेल, तर अभिनंदन. पण तो आणि डिव्हएमएमसी एकत्र लावू नका. दोघंही त्याच रॉमसीएस तारेवर हक्क सांगतात, पत्ता ८ तर दोघांचाही सामायिक. एका म्यानात दोन तलवारी.

१०) जॉयस्टिक

थोडक्यात: केम्प्स्टन पद्धतीची घ्या, सगळ्यात जास्त गेम तिलाच ओळखतात. पुष्कळ डिव्हएमएमसी बोर्डांवर तिचं नऊ पिनांचं सॉकेट आधीच असतं. तसं असेल तर वेगळा जॉयस्टिक इंटरफेस लावू नका, दोघं एकाच पोर्टवर, म्हणजे ३१ वर, बोलायला लागतात. (पोर्ट म्हणजे प्रोसेसर बाहेरच्या वस्तूशी ज्या क्रमांकावर बोलतो तो.)

तपासायला दोन ओळींचा प्रोग्राम पुरतो: ओळ १० वर प्रिंट इन ३१, ओळ २० वर गो टू १०. काठी मोकळी असताना ०, उजवीकडे १, डावीकडे २, खाली ४, वर ८, बटण दाबलं की १६. डावीकडे आणि बटण एकदम दाबलं तर १८. आकडे नुसतेच नाचत असतील तर इंटरफेस नीट बसलेला नाही.

११) बाकीच्या हौशी

आवाजाची एवाय चिप मिळते, पोर्ट ६५५३३ आणि ४९१४९ वर. ऐकायला झकास, पण अपेक्षा आवरा: तिच्यासाठी लिहिलेले बरेच गेम १२८ के मेमरी मागतात, ते ४८ केवर येतच नाहीत. १६ केचं मशिन असेल तर वरच्या ३२ केसाठी आजकाल एकाच स्टॅटिक मेमरी चिपचा छोटा बोर्ड मिळतो, तो घ्या. मूळच्या पद्धतीत आठ मेमरी चिप आणि चार ७४एलएस चिप शोधत मुंबईचा लॅमिंग्टन रोड पालथा घालावा लागतो. ४८ केचं १२८ के करण्याच्या भानगडीत मी पडणार नाही. झेडएक्स प्रिंटरला अॅल्युमिनियमचा थर दिलेला खास कागद लागतो. तो प्रिंटर शोकेसमध्ये शोभतो.

१२) स्वतःचा पहिला बोर्ड

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. मागच्या पट्टीचं ५६ पिनांचं सॉकेट आपल्याकडे सुटं मिळणं कठीण. पण भंगारात ३८६, ४८६ किंवा पहिल्या पेंटियमचा मदरबोर्ड मिळाला तर त्यावरचे लांब काळे स्लॉट बघा. ते आयएसए स्लॉट. त्यांच्या लांब भागात ३१ जोड्या असतात आणि दोन पिनांमधलं अंतर २.५४ मिलिमीटर, म्हणजे स्पेक्ट्रमइतकंच. बारीक करवतीनं तीन जोड्या कापा, २८ ठेवा, टोकाच्या भिंती फटीत मावतील एवढ्या घासा. पाचव्या जागेच्या दोन्ही पिना उपटून तिथे प्लॅस्टिकचा तुकडा चिकटवा. शेजारचे पांढरे स्लॉट पीसीआयचे. त्यांच्या पिना दुप्पट दाट असतात, ते उपयोगाचे नाहीत.

पहिलं सर्किट आठ एलईडींचं करा, पोर्ट १२७ वर. ७४एचसीटी२७३ (आठ बिट धरून ठेवणारी) ही एक चिप आणि ७४एलएस३२ (चार ऑर गेटची) ही दुसरी. पट्टीवरच्या आयओआरक्यू (पोर्टशी बोलतोय) आणि डब्ल्यूआर (लिहितोय) या प्रोसेसरच्या इशाऱ्याच्या तारा ७४एलएस३२च्या एका गेटला द्या. त्याचं उत्तर आणि ए७ ही पत्त्याची तार दुसऱ्या गेटला. त्याचं उत्तर २७३च्या क्लॉकला, म्हणजे पिन ११ ला. डेटाच्या आठ तारा तिच्या आठ इनपुटना. पिन १ पट्टीवरच्या रिसेटला, म्हणजे मशिन चालू होताना सगळे दिवे विझलेले राहतील. प्रत्येक आउटपुटपासून १ किलोओहमचा रेझिस्टर, मग एलईडी, मग जमीन. दोन्ही चिपच्या विजेच्या पायांशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा.

पोर्ट १२७ का? कारण त्यात फक्त ए७ शून्य आहे. सम क्रमांकाचा कोणताही पोर्ट घेतलात तर मशिनची यूएलए चिप (पडदा, कीबोर्ड सांभाळणारी) मध्ये बोलेल, तिला फक्त ए० शून्य असणं पुरतं. ए२ प्रिंटरनं घेतलाय, ए३ आणि ए४ इंटरफेस वननं, ए५ केम्प्स्टननं. ए७ मोकळा.

लावण्याआधी मीटर बझरवर ठेवून ५ व्होल्ट आणि जमीन एकमेकांना चिकटलेले नाहीत ना, शेजारच्या पट्ट्या सोल्डरनं जोडल्या गेल्या नाहीत ना, हे एकेक करून तपासा. मग अॅडॅप्टर काढलेला असताना बोर्ड लावा, मशिन चालू करा. नेहमीची ओळ आली नाही तर लगेच बंद. डेटाच्या दोन तारा चिकटलेल्या असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. ओळ आली तर:

आउट १२७, १७०

एकाआड एक असे चार दिवे लागायला हवेत. आउट १२७, ८५ दिलं की ते विझून उरलेले चार लागतात. यापुढे रिले लावून शेतातला पंप चालवायचा विचार डोक्यात आला, तर मध्ये ऑप्टोकपलर (तार न जोडता उजेडानं इशारा पलीकडे नेणारी चिप) घाला आणि रिलेची वीज वेगळ्या अॅडॅप्टरवरून घ्या, मशिनच्या ५ व्होल्टवरून नाही.